चोरून बघण्यासारखं त्यात काय आहे?

स्वस्तातल्या भयपटांचा आणि आपत्तिपटांचा विषय निघाला की वाद एकाच चाकोरीतून जातो. एक बाजू म्हणते, हा कचरा आहे, यानं अभिरुची बिघडते, अंधश्रद्धा पोसली जाते. दुसरी बाजू म्हणते, कचरा आहे हे मान्यच, पण इतका वाईट की हसून हसून पुरेवाट होते. आमचं हे ‘गिल्टी प्लेझर’, म्हणजे लाजत-लाजत घेतलेली मजा, जाऊ द्या. पहिल्या बाजूशी निदान भांडता तरी येतं. दुसरी बाजू बचाव करायला उभी राहते आणि पहिल्याच वाक्यात आरोप कबूल करून मोकळी होते. सिनेमा नीट पाहिलेला दोघांपैकी कोणीच नसतो, कारण त्याची लायकी दोघांनीही आधीच ठरवलेली असते. माझं म्हणणं असं की थोडक्या पैशांत केलेला भयपट आवडीनं पाहण्यात लाजण्यासारखं काहीही नाही. लाज वाटावी अशा गोष्टी या सिनेमांत जरूर आहेत, पण त्या वेगळ्या आहेत, आणि रबरी मुखवट्यावर हसण्याच्या नादात नेमक्या त्याच नजरेआड होतात.

पैसा नसला की सिनेमाचं काय होतं? 1942 साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओनं व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे भयपटांचं काम सोपवलं. अटी ठरलेल्या होत्या. खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आसपास, आणि नाव स्टुडिओ देणार. त्या नावाला शोभेल असा सिनेमा तुम्ही करायचा. पहिलं नाव आलं ‘कॅट पीपल’. बाईचा बिबट्या होताना दाखवायचा तर त्यासाठी ना पैसे होते ना तंत्र. मग ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी तो न दाखवण्याचं ठरवलं. त्यातला एक प्रसंग पाहा. रात्रीची वेळ, बागेलगतची दगडी भिंत, रस्त्यावर ठरावीक अंतरानं पडलेली दिव्यांची वर्तुळं. एक बाई झपझप चालली आहे, मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतो आहे. पार्श्वसंगीत नाही. मध्येच मागच्या टाचा वाजायच्या थांबतात. पुढची बाई वळून पाहते, मागे कोणी नाही. ती पावलं उचलते, जवळजवळ पळायलाच लागते, आपण झेप पडण्याची वाट पाहत राहतो आणि एकदम कानाशी फुत्कार येतो. चौकटीत घुसते ती बस, आणि फुत्कार असतो तिच्या ब्रेकच्या हवेचा. एक भिंत, चार दिवे, दोन बायका, एक बस. संकलक मार्क रॉबसननं तो कट जिथे मारला तिथून पुढची ऐंशी वर्षं भयपट तीच युक्ती वापरत आले आहेत आणि धंद्यात तिला आजही ‘ल्यूटन बस’च म्हणतात. त्याच सिनेमातला घरातला जिना दुसऱ्या एका मोठ्या चित्रपटासाठी बांधलेला होता. तो पडून होता म्हणून वापरला. याला गरिबी म्हणायची की शहाणपण?

आपल्याकडचं उदाहरण रामसे कुटुंबाचं. कराचीहून फाळणीनंतर मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांचा व्यवसाय रेडिओच्या दुकानाचा. 1970 साली त्यांनी काढलेला चित्रपट पडला. पण त्यात मुखवटा चढवून चोरीला निघालेल्या पृथ्वीराज कपूरचा एक प्रसंग होता, आणि तेवढ्यापुरतं थिएटर जागं होतं हे मुलांनी हेरलं. त्यातून 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ उभा राहिला. महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात मुक्काम, बसमधून गेलेलं मोजकं युनिट, आणि सगळी खाती घरातच. पटकथा कुमारकडे, कॅमेरा गंगूकडे, आवाज किरणकडे, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम या दोघांकडे. जोसेफ मासेलींचं छायाचित्रणावरचं पुस्तक वडिलांनी मुलांकडून पाठच करून घेतलं होतं. ही घरगुती विभागणी गंमत म्हणून सांगितली जाते, पण तिच्यामागे धंद्याचं गणित आहे. सिनेमात पैसा सगळ्यात जास्त जातो तो दिवसांवर. रोजचं भाडं, रोजचा भत्ता, रोजचं जेवण. सेट लावायचा तर तो लागेपर्यंत माणसं बसून राहतात. जुना बंगला, त्याचं आवार, मागची झाडी आणि डोंगरातलं धुकं आयतं मिळालं की शूटिंगचे दिवस निम्म्यावर येतात. रामसेपटांत सगळं एकाच हवेलीत का घडतं, याचं उत्तर कल्पनेच्या दारिद्र्यात शोधण्याआधी या हिशेबात शोधावं.

रात्रीच्या प्रसंगांचंही तसंच. खरी रात्र चित्रित करायची तर जनरेटर हवा, मोठे दिवे हवेत, ते उचलायला माणसं हवीत आणि रात्रपाळीचा दर वेगळा. म्हणून भर दिवसा रात्र ‘काढली’ जाते. सूर्य कलाकाराच्या पाठीशी घ्यायचा, म्हणजे केसांच्या आणि खांद्यांच्या कडा चांदण्यासारख्या उजळतात. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, साधारण दोन स्टॉप कमी, म्हणजे पावपट ठेवायचं. घरातल्या पिवळ्या उजेडासाठी बनवलेली फिल्म नारिंगी फिल्टर न लावता बाहेर वापरली की चित्र आपोआप निळसर येतं. आणि आकाश चौकटीत येऊ द्यायचं नाही, कारण पांढरं आकाश दिसलं की रात्र संपली. खिडकीत दिवा लावायचा तर तो नेहमीपेक्षा कितीतरी प्रखर हवा, नाहीतर दिवसाच्या उजेडापुढे तो लागलेला आहे हेही कळत नाही. यातली एक पायरी चुकली की पडद्यावर जमिनीवर काळ्याभोर सावल्या दिसतात आणि प्रेक्षक ओरडतो, अरे ही रात्र आहे की दुपार? हसू येतं, येणारच. पण ज्याला हे सगळं ठाऊक आहे त्याला ती चूक कुठे झाली हेही दिसतं, आणि दहा ठिकाणी ती झाली नाही तेही दिसतं.

आता विरुद्ध बाजूचा पहिला भक्कम मुद्दा. ल्यूटनची उदाहरणं देणं सोपं आहे, पण असे किती? बहुसंख्य स्वस्त भयपट कंटाळवाणे असतात. हे पूर्णपणे खरं आहे. घाबरवणारे थोडे, हसवणारे थोडे, बाकीच्यांत माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत टॉर्च घेऊन फिरतात. कारण भीतीचा प्रसंग महाग असतो आणि चालण्याचा स्वस्त; दीड तास भरायचा तर चालणंच परवडतं. पण बहुसंख्य वाईट हा आरोप कोणत्या प्रकाराला लागू नाही? बहुसंख्य प्रेमपट, बहुसंख्य कौटुंबिक नाटकं, बहुसंख्य दिवाळी अंकांतल्या कथा काय दर्जाच्या असतात? तिथे आपण चांगल्यावरून प्रकार ओळखतो आणि इथे वाईटावरून. मापं दोन ठेवल्यावर निकाल काय लागणार?

रक्त पाहा. 1968 मध्ये जॉर्ज रोमेरोनं पिट्सबर्गजवळ ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला तो सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये. सिनेमा कृष्णधवल होता म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चाललं. करड्या छटेत ते रक्तापेक्षाही रक्तासारखं दिसतं. रंगीत सिनेमात ही सोय संपते. मग लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप एक वाटी, दोन-तीन चमचे पाणी, चमचाभर खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्या रंगाचा एखादा थेंब. नुसता लाल रंग घातला तर गुलाबाचं सरबत दिसतं. कोकोनं ते गढूळ होतं आणि निळ्यानं खोल. पाणी जास्त झालं की कपड्यावर पसरून फिकं पडतं, कमी झालं की दिव्यांच्या उष्णतेत पापडी धरतं. शिवाय मुंग्या लागतात. सगळ्यात मोठी अडचण डागांची. रक्त उडालेला शर्ट पुढच्या टेकला चालत नाही. खिशात दोन शर्टांचे पैसे असतील तर दोनच टेक मिळतात, आणि दुसरा बिघडला तर बिघडलेलाच पडद्यावर जातो. वेषभूषेच्या खात्यात वीस शर्ट असलेल्या सिनेमातला नट वीस वेळा मरू शकतो. दोघांच्या अभिनयाची तुलना करताना हे कोणी धरतं का?

आपत्तिपटांत हा फरक आणखी उघडा पडतो, कारण तिथे झगडा थेट भौतिकशास्त्राशी असतो. सोळा मीटर उंचीवरून भिंतीचा तुकडा पडला तर जमिनीला लागायला त्याला सुमारे 1.8 सेकंद लागतात. तीच इमारत सोळाव्या हिश्शाइतकी लहान करून एक मीटरची बनवली तर तुकडा 0.45 सेकंदात खाली येतो, म्हणजे चौपट लवकर. डोळा लगेच ओळखतो की हे खेळणं आहे. उपाय म्हणजे कॅमेरा चौपट वेगानं चालवायचा: सेकंदाला 24 ऐवजी 96 चौकटी. नियम साधा आहे, प्रतिकृती जितक्या पट लहान त्याचं वर्गमूळ काढायचं. पण चौपट वेग म्हणजे प्रत्येक चौकटीला पाव प्रकाश, म्हणजे चौपट दिवे. त्यात जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट दिसायला हवं, कारण खऱ्या इमारतीचं दृश्य दुरून घेतल्यावर तसंच दिसतं. त्यासाठी भिंगाचं तोंड बारीक करायचं, म्हणजे आणखी दिवे. आणि एवढं करूनही पाणी फसवतं. पृष्ठताणामुळे थेंबाचा आकार ठरलेला असतो, तो प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही. सोळाव्या हिश्शाच्या शहरावर पूर आणला तर पाच मिलिमीटरचा थेंब आठ सेंटिमीटरचा दिसतो. म्हणून पुरासाठी प्रतिकृतीच मोठी बांधावी लागते, पाण्यात पृष्ठताण कमी करणारं द्रव्य मिसळावं लागतं, हवेचे झोत मारून लाट फोडावी लागते. आगीच्या ज्वाळांचं दुखणंही हेच. खोटा पूर पाहून जो हसतो त्याला काहीतरी चुकल्याचं कळलेलं असतं. काय चुकलं हे विचारायला तो थांबला तर त्याच्या हाती पाण्याविषयीचं एक सत्य लागेल.

आणि इथे दुसऱ्या बाजूशी, म्हणजे ‘इतकं वाईट की भारी’वाल्यांशी माझं खरं भांडण आहे. त्यांच्या हसण्याला बाजारात गिऱ्हाईक आहे हे निर्मात्यांच्या लक्षात आलं. 2013 साली वादळातून शार्क उडवणारा ‘शार्कनेडो’ टीव्हीवर आला आणि मग त्याचे भागावर भाग निघाले. तिथे संगणकावरच्या शार्कवर पडणारा उजेड एका बाजूचा आणि माणसावरचा दुसऱ्या बाजूचा, हालचालीची धूसरता नाही, काळा रंग पुरेसा काळा नाही. या चुका थोड्या श्रमानं सुधारता येतात. पण सुधारायच्या कशाला, प्रेक्षक त्यासाठीच तर आलेला आहे. रोमेरोकडे पैसा नव्हता म्हणून त्यानं केलं नाही. इथे जमण्यासारखं असून केलं नाही. पहिल्यात प्रेक्षकाला भीती वाटावी ही इच्छा प्रत्येक चौकटीत दिसते. दुसऱ्यात ती इच्छाच नाही. दोन्हींना एकाच टोपलीत टाकून ‘मजेशीर कचरा’ म्हणणं हा पहिल्यावर अन्याय आहे, आणि तो अन्याय या सिनेमांचे स्वयंघोषित चाहतेच करतात.

अभिरुची आणि नीती बिघडते या आरोपाचा इतिहास जुना आहे. अमेरिकेत 1954 साली भयकथांच्या चित्रपुस्तिकांवर (कॉमिक्सवर) सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. ब्रिटनमध्ये व्हिडिओ कॅसेट आल्या तेव्हा ‘व्हिडिओ नॅस्टी’, म्हणजे ओंगळ व्हिडिओ, नावाची ओरड उठली. सरकारी वकिलांच्या कार्यालयानं खटला भरण्याजोग्या चित्रपटांच्या याद्या काढल्या, पोलिसांनी दुकानांतून कॅसेट उचलल्या, 1984 मध्ये कायदा झाला. यादीत ‘द इव्हिल डेड’ होता. त्याचा दिग्दर्शक सॅम रायमी पुढे हॉलिवूडचे सर्वांत मोठे चित्रपट करणाऱ्यांत गेला. तो सिनेमा ब्रिटनमध्ये अखंड स्वरूपात यायला 2001 उजाडलं. आणि 2009 मध्ये लक्षात आलं की तो कायदा करताना युरोपीय आयोगाला कळवण्याची प्रक्रियाच राहून गेली होती, त्यामुळे 2010 मध्ये तो पुन्हा संमत करावा लागला. पंचवीस वर्षं ज्या कायद्यावर दुकानदारांना शिक्षा झाल्या तो कागदावर कच्चा होता, आणि बंदीच्या घाईत मूळ प्रश्न, म्हणजे असे सिनेमे पाहून माणूस बिघडतो का, मागेच पडला. घाई कोणाची होती, प्रेक्षकांची की त्यांना वाचवायला निघालेल्यांची?

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र मराठी वाचकानं हलक्यात घेऊ नये. ज्या राज्यात नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध 2013 साली कायदा करावा लागला, आणि त्याआधी तो मागणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तिथे पडद्यावरचा मांत्रिक हा नुसता मनोरंजनाचा विषय नाही. रामसेपटांत विज्ञान हरतं आणि त्रिशूळ जिंकतो, हे नाकारून चालणार नाही. तरीही माझ्या मते फरक एका जागी आहे. भोंदूबाबाचा धंदा ‘हे खरं आहे’ या एका वाक्यावर चालतो. भयपट तिकीट काढायला लावतो, दिवे घालवतो, नटांची नावं दाखवतो आणि मग खोटं सांगतो. खोटं असल्याचा करार आधीच झालेला असतो. हा करार मोडला जातो तो ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी लागते तेव्हा, आणि वृत्तवाहिनी रात्री अकरा वाजता पडक्या वाड्यात कॅमेरा घेऊन शिरते तेव्हा. नारायण धारपांच्या भयकथा वाचून वाढलेल्या पिढ्यांतले सगळे वाचक गंडेदोरे बांधून फिरत नाहीत, कारण आपण गोष्ट वाचतो आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं. विरोध करायचा तर त्या पाटीला करावा. ती मोठ्या बजेटच्या सिनेमांवरही तितक्याच सर्रास लागते.

मग लाज कशाची वाटायला हवी? बायकांच्या चित्रणाची, सर्वांत आधी. भूत यायच्या आधी अंघोळीचा प्रसंग आलाच पाहिजे, हा ऐंशीच्या दशकातल्या हिंदी भयपटांचा शिरस्ता होता आणि त्याचं समर्थन बजेटच्या नावावर करता येत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा याला पैसे पडत नाहीत. आदिवासी वेशातले क्रूर पुजारी, कुबड असलेला नोकर म्हणजे हमखास खलनायक, हेही त्याच खात्यात. दुसरी लाज माणसांच्या हालांची. 1974 च्या ‘द टेक्सस चेनसॉ मॅसकर’चं नाव या प्रकाराच्या अभिमानानं घेतलं जातं. त्यातल्या जेवणाच्या प्रसंगाचं चित्रीकरण टेक्ससच्या उन्हाळ्यात, बंद खोलीत, सडत चाललेल्या मांसाच्या वासात सव्वीस तासांहून जास्त सलग चाललं. सुरीच्या पात्यामागची बनावट रक्ताची नळी तुंबली म्हणून नायिकेच्या बोटाला खरंच चीर पाडली गेली. त्या प्रसंगातली तिची किंकाळी जगभर वाखाणली गेली. इथे आक्षेप घेणारे शंभर टक्के बरोबर आहेत आणि मला त्यांना काहीही उत्तर द्यायचं नाही. एवढंच जोडतो की 1982 मध्ये हेलिकॉप्टर कोसळून एक नट आणि रात्रपाळीला बेकायदा आणलेली दोन लहान मुलं मेली ती एका बड्या स्टुडिओच्या चित्रपटाच्या सेटवर. निष्काळजीपणाला बजेट लागत नाही, आणि बजेट असलं म्हणून तो जातही नाही.

‘गिल्टी प्लेझर’ हा शब्द मला खटकतो त्याचं शेवटचं कारण जतनाचं आहे. लाज वाटणारी गोष्ट कोणी सांभाळून ठेवत नाही. जॉर्ज मेलिएस पॅरिसमध्ये युक्त्यांचे, भुताखेतांचे, चंद्रावरच्या स्वारीचे सिनेमे करत असे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यानं त्याच्या शेकडो प्रती ताब्यात घेऊन वितळवल्या आणि त्यातल्या सेल्युलॉइडच्या बुटांच्या टाचा केल्या. 1923 मध्ये त्यानं उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच जाळल्या. जत्रेतली करमणूक म्हणून त्या वेळी कोणाला त्याचं दुःख झालं नाही. आपले दादासाहेब फाळके याच घराण्यातले. घरचे दागिने आणि विम्याची पॉलिसी गहाण टाकून उभे राहिलेले, ट्रिक फोटोग्राफीत रमणारे. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये त्यांनी हनुमान उडवला आणि शहर पेटवलं, साळुंके नावाचे एकच नट राम आणि सीता दोन्ही झाले. आज कोणी फाळक्यांना गिल्टी प्लेझर म्हणेल? आणि तरी त्यांच्या एवढ्या चित्रपटांतले हाती आहेत ते तुकडेच.

रोमेरोचा सिनेमा वाचला, पण अपघातानं. नाव बदलताना वितरकाकडून श्रेयनामावलीतली कॉपीराइटची ओळ गळली, हक्क गेले, ज्याला मिळेल त्यानं प्रती काढल्या आणि सिनेमा जगभर पोचला. करणाऱ्यांच्या पदरात मात्र त्या प्रमाणात काही पडलं नाही. पुढे 1999 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याची नोंद झाली आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याची पुनःस्थापित प्रत दाखवली. सत्तर-ऐंशीच्या दशकातले आपले स्वस्त हिंदी भयपट बहुतांशी दिसतात ते कॅसेटवरून उतरवलेल्या, कडा कापलेल्या, रंग उडून गुलाबी पडलेल्या प्रतींत. तो गुलाबी रंग सिनेमाचा नव्हे. रंगीत फिल्ममधला निळसर हिरवा थर आधी विरतो आणि तांबडा मागे राहतो. ॲसिटेट या प्लॅस्टिकच्या रिळाला दमट हवेत व्हिनेगरचा वास सुटतो, ते आक्रसतं, वाकतं, आणि त्याची वाफ शेजारच्या डब्यातल्या रिळालाही लागते. वास आलेला डबा आधी वेगळा काढायचा, थंड आणि कोरड्या खोलीत ठेवायचा, आणि स्कॅनरवर चढेल इतपत सरळ आहे तोवर त्याचं स्कॅनिंग उरकायचं. हे काम आत्ता करता येतं. आणखी दहा पावसाळ्यांनंतर यातल्या पुष्कळ डब्यांत स्कॅन करण्यासारखं काही उरलेलं नसेल.